थ्रेशोल्ड फंक्शन ओळखताना या चुका टाळा

थ्रेशोल्ड फंक्शन म्हणजे प्रत्येक ०/१ व्हेरिएबलला एक वेट द्यायचा, चालू (१) असलेल्यांच्या वेटांची बेरीज एका ठरलेल्या आकड्याइतकी (थ्रेशोल्ड, ट) किंवा जास्त झाली की आउटपुट १, नाहीतर ०. दर सेमिस्टरला पोरं माझ्याकडे एकच चूक घेऊन येतात. फंक्शन युनेट निघालं, म्हणजे कुठलंच व्हेरिएबल साधं आणि नॉट लावून अशा दोन्ही रूपांत लागत नाही, की लगेच "सर, थ्रेशोल्डच आहे की". नाही रे बाबा! थ्रेशोल्ड असेल तर युनेट असतंच, पण उलटं खरं नाही.

मेच्या उन्हात अक्कलकोट रोडकडनं एक पोरगा आला, दोन रात्री यंत्रमागांच्या खटखटीत बसून परसेप्ट्रॉन (चुकांवरनं वेट सुधारत जाणारी पद्धत) चालवलेला, डोळे लाल. फंक्शन होतं अब + कड, म्हणजे अ आणि ब दोन्ही, किंवा क आणि ड दोन्ही. "सर, वेट्स थांबेनातच, लर्निंग रेट बदलून बघू का?" मी म्हटलं लॅपटॉप मीट, वही काढ. अ-ब चालू असले तर आउटपुट १, म्हणजे त्यांच्या वेटांची बेरीज किमान ट. क-डचंही तसंच. चौघांची मिळून किमान २ट. आता अ-क चालू, आउटपुट ०, बेरीज टपेक्षा कमी, ब-डचंही तेच, म्हणजे त्याच चौघांची बेरीज २टपेक्षा कमी. कसं जमेल? वेट्स नाहीतच, मग परसेप्ट्रॉन थांबणार कुठं! चार ओळींत निकाल.

म्हणून मी आधी हीच जोडी शोधतो: १ देणारे दोन इनपुट (ट्रूथ टेबलच्या ओळी), ० देणारे दोन, एकेका व्हेरिएबलची बेरीज सारखी, तोच इनपुट दोनदा घेतला तरी चालतं. सापडली की थ्रेशोल्ड नाही. नाही सापडली तर ८ व्हेरिएबलपर्यंत बिनधास्त, पण ९ पासून जोडी न सापडता पण थ्रेशोल्ड नसलेली फंक्शन्स आहेत, तिथं मोठे गटही तपासावे लागतात. एल्गॉट आणि चाउ यांनी १९६१ मध्ये दाखवलेली अट सगळ्या आकाराच्या गटांची आहे, नुसत्या जोड्यांची नाही. मी तर तिथं सरळ लिनिअर प्रोग्रॅमिंग (सगळ्या ओळींच्या अटी एकत्र सोडवून वेट शोधायची पद्धत) लावतो आणि वेट्स हातात आल्याशिवाय हो म्हणत नाही.

सगळे वेट १ धरू नका, अ(ब+क) ला २, १, १ आणि थ्रेशोल्ड ३ लागतो.

दोन व्हेरिएबलवरनं अंदाज बांधू नका. तिथं १६ पैकी १४ थ्रेशोल्ड, फक्त एक्सॉर (दोन्ही वेगळे तर १) आणि एक्सनॉर (दोन्ही सारखे तर १) नाहीत. चारला या, ६५,५३६ पैकी फक्त १,८८२.

आणि चाउ पॅरामीटर्स (आउटपुट १ असलेल्या ओळी किती, आणि त्यांत प्रत्येक व्हेरिएबल किती वेळा १ आहे ते आकडे) काढून तेच वेट म्हणून चिकटवायचा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही. त्यांच्यावरनं थ्रेशोल्ड फंक्शन नक्की कुठलं ते ठरतं, पण ते वेट म्हणून चालतीलच असं नाही, टेबलच्या प्रत्येक ओळीवर घालून बघा.