बाबांच्या सायकलला कारची धडक: क्लेम कसा मार्गी लागला

इंदूरला पलासियाजवळ सकाळी बाबांच्या सायकलला मागून कार धडकली. मनगट मोडलं. कारवाला भला वाटला, पाच हजार काढून म्हणाला, "काका, पोलीस कशाला, आपसात मिटवू." बाबा तयारही झाले होते. मी हात जोडून नाही म्हटलं, आणि तेच बरं झालं.

आधी कारच्या नंबर प्लेटचे आणि वाकलेल्या चाकाचे फोटो काढले. दवाखान्यात 'रस्ता अपघात' असं सांगून एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी दवाखान्यातली नोंद) करवली. ती नसती तर मनगट घरात पडूनही मोडू शकतं, असं कोणीही म्हणालं असतं. त्याच दिवशी एफआयआर. सायकल मात्र पुरावा म्हणून महिनाभर तशीच ठेवली, दुरुस्त केली नाही.

माझा मोठा गैरसमज असा, की सायकलचा विमा नाही म्हणजे काहीच मिळणार नाही. पण कारचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो त्या गाडीमुळे इजा झालेल्या दुसऱ्या माणसासाठीच असतो. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर पोलिसांच्या कागदांत मिळाला. मग वकिलांमार्फत मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही पक्षकार केलं. 2022 पासून कायद्यात या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून घाई केली.

बिलांबरोबर फिजिओथेरपीच्या आणि रिक्षाच्या पावत्याही लावल्या. बाबांची ट्यूशन दोन महिने बंद होती, त्या बुडालेल्या कमाईचाही हिशोब दिला. कंपनीने तडजोडीचा पहिला आकडा फार कमी सांगितला. आम्ही सही केली नाही. शेवटी लोक अदालतीत बाबांना पटेल अशा रकमेवर मिटलं.