एफ-१ दाबताच नेमकं पान: ऑफिसच्या प्रोग्रामला मराठी मदत कशी जोडावी

मी नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांना आणि इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांना अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये, हिशोबाचे प्रोग्राम करून देतो. सोबत मदतही देतो, मराठीत आणि पडद्यावरच: कीबोर्डवरची एफ-१ ही मदतीची की दाबली की त्या जागेचं पान उघडतं. छापलेलं पुस्तक काउंटरवर आठवडाभरात रजिस्टरांखाली जातं आणि पुन्हा वर येत नाही.

मदत मेनूच्या क्रमाने लिहा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. मेनूचा क्रम प्रोग्राम करणाऱ्याच्या डोक्यातला असतो. काउंटरवरच्या मुलासमोर शेतकरी उभा असतो, त्याची गाडी परत निघायची असते, आणि मुलगा विचारतो, "भाऊ, हमाली दोनदा कटून राहिली, आता पट्टी कशी सुधरवू?" (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब.) पानाचं शीर्षकही तेच हवं: 'पट्टीत हमाली दोनदा कटली तर'. 'पट्टी मॉड्यूलचा परिचय' असं पान कोणी उघडत नाही.

म्हणून आंबिया बहाराची संत्री येत असतात त्या गर्दीच्या दिवसांत दोन दिवस ऑपरेटरच्या बाजूला वही घेऊन बसा. तो जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा. मग प्रश्नांचे गट दिवसाच्या क्रमाने पाडा: आवक, काटा, लिलाव, पट्टी, संध्याकाळचा रोकड मेळ. हीच तुमची अनुक्रमणिका.

पान लिहिणं सोपं आहे. वर प्रश्न, खाली पाच-सात पायऱ्या, सगळं एका पडद्यात. टाइप युनिकोडमध्येच करा. नंतर पानं एचटीएमएल हेल्प वर्कशॉप या मायक्रोसॉफ्टच्या साधनात घालून सीएचएम फाइल बनवा, म्हणजे सगळी पानं एकत्र बांधलेली मदतीची एकच फाइल.

आता जोडणी. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

अ‍ॅक्सेसच्या फॉर्मला 'हेल्प फाइल' आणि 'हेल्प कॉन्टेक्स्ट आयडी' अशा दोन प्रॉपर्टी असतात. फॉर्मवरच्या फील्डलाही स्वतःचा आयडी देता येतो. हा आयडी म्हणजे साधा आकडा. तिकडे वर्कशॉपमधल्या हेल्प प्रोजेक्टमध्ये दोन विभाग असतात: 'मॅप'मध्ये आकड्याला नाव मिळतं आणि 'अलायस'मध्ये त्या नावाला पान. फॉर्म, मॅप आणि अलायस या तिन्हींचं जुळलं तरच एफ-१ बरोबर चालतं.

पहिल्या प्रोग्रामला मी आकडे एक, दोन, तीन असे ओळीने दिले होते. सहा महिन्यांनी मालकाने मधेच एक नवा फॉर्म मागितला. मी मॅपमधले पुढचे सगळे आकडे एकेकाने सरकवले आणि फॉर्म बदलायचे राहिले. रोकड मेळावर एफ-१ दाबलं की उधारी वसुलीचं पान उघडू लागलं. ऑपरेटरने त्या पानावरच्या पायऱ्या जशाच्या तशा केल्या आणि त्या दिवशीचा मेळ रात्री उशिरापर्यंत लागला नाही. त्यानंतर त्याने एफ-१ ला हात लावला नाही. चुकीचं पान हे पान नसण्यापेक्षा वाईट, हे तेव्हापासून मी धरून आहे.

तेव्हा आकडे ओळीने देऊ नका. मी प्रत्येक फॉर्मला हजाराचा आकडा देतो आणि फील्डना त्यात दहाच्या टप्प्याने. पट्टीचा फॉर्म ४०००, हमाली ४०१०, तोलाई ४०२०. अ‍ॅक्सेस २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचा आकडा घेतो, त्यामुळे कंजुषी करायचं कारण नाही. एकदा दिलेला आकडा दुसऱ्या पानाला कधीच देऊ नका, मूळ पान काढून टाकलं तरी नाही. आणि आकडा, फॉर्म, फील्ड, पान असं एक टेबल त्याच डेटाबेसमध्ये ठेवा.

शून्याचं गणित नीट समजून घ्या. आयडी मुळात शून्य असतो. फील्डचा शून्य असेल तर अ‍ॅक्सेस फॉर्मचा आयडी वापरतो. फॉर्मचाही शून्य असेल तर अ‍ॅक्सेसची स्वतःची मदत उघडते आणि ऑपरेटर गांगरतो. म्हणून आधी प्रत्येक फॉर्मला आकडा द्या, मग ज्या फील्डवर खरोखर अडतं तेवढ्यांनाच. प्रत्येक फील्डला वेगळं पान द्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. चाळीस फील्डांच्या फॉर्मवर पाच-सहा पानं पुरतात.

दुसरा घोळ नेटवर्कचा. सीएचएम सर्व्हरवरच्या फोल्डरमधून उघडली की डावीकडे यादी दिसते आणि उजवीकडे पान येतच नाही. मी चार दिवस पानं तपासत बसलो होतो, पानांत काहीच चूक नव्हती. मायक्रोसॉफ्टने २००५ च्या सुरक्षा अपडेटपासून नेटवर्कवरच्या सीएचएमला अटकाव केला आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, बदल करून तो सैल करता येतो, आणि तसं करा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पैशांचा हिशोब असलेल्या मशीनवर हे अजिबात करू नका. फाइल प्रत्येक मशीनच्या सी ड्राइव्हवर एकाच पत्त्यावर ठेवा, आणि प्रोग्राम सुरू होताना सर्व्हरवरची प्रत नवी असेल तर ती उतरवून घ्या. ईमेलने आलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' करावं लागतं. फोल्डरच्या नावात हॅशचं चिन्ह असलं तरी पानं उघडत नाहीत.

आणि देवनागरी. युनिकोडमधली पानं नीट दिसतात, पण डावीकडची अनुक्रमणिका मराठीत भरली की प्रश्नचिन्हं उमटतात. सीएचएमची यादी आणि सूची जुन्या कोडपेजवर, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या अक्षरांच्या तक्त्यावर, चालतात, आणि विंडोजमध्ये देवनागरीला असं कोडपेजच नाही. फाँट बदलून हे सुटत नाही, मी सगळे बदलून पाहिले. शोधाची खिडकीही मराठी शब्दांसाठी भरवशाची नाही. मी डावी बाजू बंदच ठेवतो आणि पहिल्या पानावर दिवसाच्या क्रमाने लिंका देतो. पानांच्या फाइलींची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा.

फील्डवर माउस नेल्यावर दिसणारी छोटी सूचना 'कंट्रोलटिप टेक्स्ट'मध्ये लिहा. मर्यादा २५५ अक्षरांची आहे, मी एका वाक्यावर थांबतो.

शेवटी माउस बाजूला ठेवा, टॅबने प्रत्येक फील्डवर जा आणि एफ-१ दाबा. ही तपासणी डिझाइन व्ह्यूमध्ये करून उपयोग नाही, तुमचं पान फक्त फॉर्म व्ह्यूमध्येच उघडतं. कुठे भलतंच पान आलं तर आधी टेबलातला आकडा बघा, मग मॅप, मग अलायस, आणि फॉर्मला सगळ्यात शेवटी हात लावा.