अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी दान देताय? या चुका टाळा

विदर्भातल्या गावांमध्ये डोळ्यांसाठी येणारा पैसा ऑपरेशनवर, काठीवर, चष्म्यावर खर्च होतो आणि तिथंच संपतो. ती वस्तू किंवा ते ऑपरेशन माणसाच्या कामी येतंय की नाही, हे मात्र पुढच्या दीड-दोन महिन्यांत ठरतं. त्या काळासाठी कुणी पैसे बाजूला ठेवत नाही.

मोतीबिंदू शिबिराचा पैसा तपासणीच्या दिवशीच संपवणे

2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 50 वर्षांवरच्या लोकांमधलं सुमारे 66 टक्के अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. म्हणून दान इथं जातं ते योग्यच आहे. चूक होते ती मंडप, बॅनर आणि जेवणावळीपासून हिशोब सुरू करण्यात.

शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात ऑपरेशन करू म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. संसर्ग झाला तर डोळा कायमचा जातो. गावात फक्त तपासणी व्हावी आणि ऑपरेशन रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच. सरकारी रुग्णालयात ते मोफत होतं, त्यामुळे तुमचे पैसे खरे लागतात ते गाडीला, सोबत्याच्या बुडालेल्या मजुरीला, थेंबांना आणि शेवटच्या चष्म्याला.

तपासणीत रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघाली की पेशंटला परत पाठवलं जातं आणि बहुतेकदा तो तिथंच सुटतो. अशांची वेगळी यादी करा, ती आशाताईंकडे द्या आणि गोळ्या लागू पडल्यावर जाणाऱ्या दुसऱ्या गाडीचं भाडं आधीच राखून ठेवा.

ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे थेंब चालतात आणि त्यांचं प्रमाण हळूहळू कमी करायचं असतं. एक बाटली संपली की बरेच जण थेंब बंद करतात, म्हणून दुसरी बाटली घरी जातानाच हातात द्या. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिना-दीड महिन्यानं अशा तीन तपासण्या धरा. चष्म्याचा पक्का नंबर शेवटच्या तपासणीत निघतो. दुखणं वाढलं, डोळा लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हे सोबत आलेल्या माणसाकडून एकदा वदवून घ्या.

तारीख ठरवतानाही चुका होतात. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते, पूर्वेकडे धानाची कापणी-मळणी चाललेली असते. त्या दिवसांत सोबतीला माणूस मिळत नाही आणि थेंब टाकायलाही घरी कुणी नसतं. "मोतीबिंदू पिकू द्या", "उन्हाळ्यात ऑपरेशन नको" हे दोन्ही समज चुकीचे आहेत. पोळ्याच्या आधीचे दिवस किंवा वेचणी उरकल्यानंतरचे दिवस गावाला विचारून ठरवा.

जुने चष्मे गोळा करणे

हे बंदच करा. दोन्ही डोळ्यांचा नंबर, तिरका नंबर आणि बाहुल्यांमधलं अंतर जुळेल असा जुना चष्मा मिळणं जवळपास अशक्य आहे. गोळा करून, धुऊन, मोजून वाटण्याच्या खर्चात जवळ वाचायचे नवे चष्मे येतात.

सगळ्यांना एकाच मापाची काठी

पांढरी काठी जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यायला हवी. आखूड काठीला अडथळा लागतो तेव्हा पाय त्याच्यावर जाऊन पोचलेला असतो. मुलांची उंची वाढते, म्हणून दरवर्षी माप घ्या.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. पांदणीवर किंवा धुऱ्यावर बारीक टोकाची काठी चिखलात रुतते, टोकावर मातीचा गोळा बसतो आणि रस्ता हाताला कळेनासा होतो. अशा ठिकाणी जाड, गोलसर टोक द्या. घडीच्या काठीतला रबरी दोर सैल पडला की सांधे निसटतात. टोक झिजलं की ॲल्युमिनियमची नळीच घासू लागते. दर काठीमागे दोन जादा टोकं आणि एक दोर दिलात, तर ती कोपऱ्यात पडून राहणार नाही. चालण्याच्या प्रशिक्षकाचे काही दिवसांचे पैसेही यातच धरा. खांद्यांपेक्षा थोडी जास्त रुंद कमान काढत, पुढं पडणाऱ्या पावलाच्या विरुद्ध बाजूला टेकवत चालणं शिकावं लागतं.

प्रत्येक मुलाला ब्रेल संच

अंध विद्यार्थी म्हणून नोंदलेल्या मुलांपैकी काहींना थोडं दिसत असतं. त्यांना आधी अल्पदृष्टी तपासणी हवी. मग भिंग, तिरकं वाचन-स्टँड, गडद रेघांची वही, जाड काळा पेन, उजेड सहन न होणाऱ्या मुलाला टोपी. +20 चं भिंग अक्षरांपासून 5 सेंटिमीटरवर धरावं लागतं. हे दाखवलं नाही तर मूल ते हातभर लांब धरतं आणि "यातून दिसत नाही" म्हणून ठेवून देतं.

ब्रेल शिकणाऱ्या मुलाला ब्रेल पाटी आणि ठिपके टोचायची सळई एकदाच लागते, जाड कागद मात्र वर्षभर. वहीचा साधा कागद टोचताना फाटतो. ब्रेल पुस्तकं एकावर एक रचली की ठिपके दबतात. उभी ठेवता येतील अशी कपाटं देणं हेही चांगलं दान आहे.

संगणक देताना स्क्रीन-रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीसाठी, वेगळे पैसे मोजू नका. एनव्हीडीए हा स्क्रीन-रीडर मोफत आहे आणि मराठी वाचतो. मंद झालेले जुने फोन मात्र देऊ नका, त्यांवर टॉकबॅक (अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन-रीडर) अडखळतो.

पावती

संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघा. नागपूर आणि अमरावतीला कार्यालयं आहेत. 2000 रुपयांवरच्या रोख दानाला प्राप्तिकरात सूट नाही, वस्तुरूपी दानाला नाही आणि नव्या करप्रणालीतही नाही.

नेत्रदानाचा फक्त फॉर्म भरणे

दान मिळालेल्या डोळ्यामुळे फक्त पारपटलाचं (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचं, कॉर्नियाचं) अंधत्व दूर होतं. डोळ्याच्या आतला मागचा पडदा किंवा नस खराब असेल तर नाही. फॉर्म भरलेला असला तरी मृत्यूनंतर घरच्यांची संमती लागते, आणि पारपटल सहा तासांच्या आत काढावं लागतं. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातून नेत्रपेढीचं पथक यायला वेळ लागतो, म्हणून फोन पहिल्या अर्ध्या तासातच करा. तोवर पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं किंवा मधुमेह होता म्हणून थांबू नका. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आजच घरातल्या दोघांच्या फोनमध्ये टाकून ठेवा.