इलेक्ट्रिक सायकलने वर्ध्याच्या वाटांवर

विदर्भातील ग्रामीण वाटांवर इलेक्ट्रिक सायकलने फिरण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. मे महिन्यातील उन्हाची तीव्रता चालकाला आणि बॅटरीलाही सोसत नाही. पहिल्या फेरीसाठी वर्धा, सेवाग्राम, पवनार हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो, कारण पवनारला धाम नदीच्या काठी निवांत विसावता येते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा मावते. पायडल मारत किलोमीटरमागे १२ वॅट-तास खर्च धरल्यास ३० किलोमीटर होतात, तरीही पाचवा हिस्सा राखून २४ किलोमीटरांचाच बेत आखावा. चार्जिंग आदल्या रात्रीच उरकावे. पांदण रस्त्यांवर बाभळीचे काटे असतात, म्हणून जादा ट्यूब आणि पंप अवश्य सोबत घ्यावा.