विधी शाखेतील शोधनिबंधासाठी संदर्भशोध : खाडीकाठचा एक अनुभव

माझे आजोळ रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी आहे. तिथे घराची पडवी वाढवायची म्हटले, तरी ‘सीआरझेडात (म्हणजे समुद्र-खाडीकाठच्या, बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारा नियमन क्षेत्रात) येते का?’ हा प्रश्न आधी निघतो. त्यामुळे विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षी शोधनिबंधासाठी मी किनारा नियमन क्षेत्र आणि मच्छीमार वस्त्यांमधील घरे हा विषय निवडला. विषय ओळखीचा असल्याने संदर्भ सहज हाती लागतील, असे मला वाटले होते.

पहिला आठवडा शब्दांच्या शोधातच गेला. खारवी, दालदी, गाबीत ही आपल्याकडच्या मच्छीमार समाजांची नावे घालून मी न्यायालयांचे निकाल शोधत राहिलो आणि हाती जवळजवळ काहीच आले नाही. मग पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली निघालेल्या अधिसूचना मुळातून वाचल्या. २०११ च्या अधिसूचनेत मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समुदायांच्या निवासी घरांना भरतीरेषेपासून १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी मिळू शकते, अशी तरतूद आहे. तिच्यातली नेमकी इंग्रजी शब्दरचना अवतरणचिन्हांत घालून शोधताच लेख आणि निकाल दिसू लागले. वहीत एका बाजूला गावातला शब्द आणि दुसऱ्या बाजूला कायद्यातली संज्ञा लिहिण्याची सवय मला तेव्हापासून लागली, आणि नव्या विद्यार्थ्याने आधी हेच करावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी अडचण तारखांची. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचना एकामागून एक आल्या. २०११ मध्ये ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र, म्हणजे सहसा नवे बांधकाम करता न येणारा पट्टा, होते. २०१९ मध्ये, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी ते ५० मीटरवर आणले गेले आणि इतर ग्रामीण भागात २०० मीटरच राहिले. एखादा उत्तम लेख २०१५ चा असेल, तर त्याचे विवेचन चुकीचे ठरत नाही, पण तो ज्या कायद्याविषयी बोलतो तो पुढे बदललेला असतो. म्हणून प्रत्येक संदर्भाशेजारी तो कोणत्या अधिसूचनेच्या काळातला आहे, याची नोंद करावी.

निकालांच्या नावांबाबत तर विशेष सावध राहावे लागते. ‘इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन विरुद्ध भारत सरकार’ या एकाच नावाचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन महत्त्वाचे निकाल १९९६ चेच आहेत. फेब्रुवारीतला निकाल राजस्थानातील बिछडी गावच्या रासायनिक प्रदूषणाचा आहे. एप्रिलमधला किनारा नियमनाचा असून त्यात १९९४ च्या दुरुस्तीने दिलेल्या काही सवलती रद्द झाल्या. माझ्या पहिल्या मसुद्यात मी किनाऱ्याच्या मुद्द्यासाठी बिछडीच्या निकालाचा संदर्भ दिला होता. मार्गदर्शकांनी ती चूक दाखवली, तेव्हापासून नावाबरोबर तारीख आणि निकाल-संग्रहाचे खंड-पृष्ठ लिहिल्याखेरीज मी कोणताही निकाल टिपून घेत नाही.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ईएससीआर या न्यायालयाच्याच ऑनलाइन संग्रहावर विनामूल्य मिळतात, इंडियन कानून हे निकाल शोधण्याचे संकेतस्थळही उपयोगी पडते. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा या वर्गणी भरून वापरायच्या कायदेविषयक संग्रहांसाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारावे. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या प्रबंधांची संदर्भसूची आधी वाचावी, कारण ज्या लेखाचा उल्लेख तीन वेगवेगळे अभ्यासक करतात, तो सहसा आपणही वाचायलाच हवा असतो. वस्ती जुनी आहे हे दाखवण्यासाठी १८८० चे रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटियर (ब्रिटिशकालीन सरकारी माहितीग्रंथ) मला उपयोगी पडले, मात्र त्याचा आधार इतिहासापुरताच घ्यावा.

निबंध देण्याच्या आधीचे दोन दिवस मी प्रत्येक तळटीप मूळ निकालाशी ताडून पाहण्यात घालवले. तीन ठिकाणी परिच्छेद क्रमांक चुकलेले निघाले, आणि त्या तिन्ही ठिकाणी मी तोवर मूळ निकाल उघडलाच नव्हता. दुसऱ्याच्या लेखातली तळटीप जशीच्या तशी उतरवून घेतली होती.