हप्ता परवडतो म्हणजे कर्ज परवडतं? या चुका टाळा

“हप्ता बसतोय ना, मग घेऊन टाक.” कर्जाच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. हप्ता बसतो की नाही एवढंच पाहिलं, तर किती वर्षं आणि एकूण किती भरायचं हे नजरेआडच राहतं.

गृहकर्जाचंच घ्या. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. त्यामुळे गृहकर्जाचे दरही वाढले. पण अनेकांचा हप्ता तेव्हा वाढला नाही, म्हणून ते निर्धास्त राहिले. वाढली होती मुदत. 30 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, दर 8.5 टक्के असेल तर हप्ता साधारण 26,035 रुपये येतो. सुरुवातीलाच दर 9.5 झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर फेडायला जवळजवळ पावणेसव्वीस वर्षं लागतात आणि सुमारे 17.8 लाख जास्त जातात. त्याऐवजी हप्ता महिन्याला 1,929 रुपयांनी वाढवला, तर मुदत 20 वर्षंच राहते आणि जादा भार 4.63 लाखांवर थांबतो. एवढा फरक!

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला हवं. तुम्हाला कुणी विचारलं नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या. शेवटचा हप्ता कोणत्या वर्षी, हेही विचारून घ्या. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्यास दंड नाही. बोनस तिकडे वळवा.

क्रेडिट कार्डाची ‘किमान रक्कम’ भरली की विलंब शुल्क टळतं, व्याज नाही. ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, आणि बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागतं. मुदत ठेव मोडावी लागली तरी मोडा, पण हे आधी फेडा.

पतसंस्थेत भिडेखातर जामीनदार म्हणून सही करणं ही चूक तर मला फार छळते. 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था आधी कर्जदाराच्याच दारात जाईल, हा भ्रम आहे. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश, निघाला, तर जामीनदाराच्या पगारालाही कात्री लागू शकते. ती रक्कम स्वतः फेडायची तयारी नसेल, तर मेहुण्यालाही नाही म्हणा.

कर्ज फिटल्यावर ‘नो ड्यूज’ (काही देणं बाकी नाही असा) दाखला घ्या. घराची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मागता येते.