गिटारचा पिकअप स्विच मागवण्यापूर्वीची तयारी

इलेक्ट्रिक गिटारच्या वायरिंगमध्ये फेरफार करायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष आधी स्विचकडे, म्हणजे कोणता पिकअप वाजावा ते ठरवणाऱ्या खटक्याकडे जाते. वास्तविक तो सर्वांत शेवटी ठरवावा, कारण पिकअपमधून (वाजणाऱ्या तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबक-कॉइलमधून) जोडणीच्या किती तारा बाहेर आल्या आहेत आणि लाकडातली खोबण किती खोल आहे, यावरच कोणता स्विच चालेल हे अवलंबून असते. खानापूर, निपाणी किंवा चिकोडीला राहून हे सुटे भाग बाहेरून मागवणाऱ्याला एक चुकीचा स्विच परत पाठवून दुसरा येईपर्यंत गिटार उघडीच ठेवावी लागते. म्हणून पुढची तयारी मागणी नोंदवण्याआधीच पुरी करावी.

प्रथम, वाजवताना खरोखर लागणारे आवाज कागदावर लिहावेत. १९५४ मध्ये आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला तीनच जागांचा स्विच होता. वादक त्याची दांडी दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत, आणि फेंडरने पाच जागांचा स्विच नेहमीचा केला तो १९७७ मध्ये. सोय गरजेतून आली, हा क्रम आपणही पाळावा. गणेशोत्सवाच्या मंडपात दिव्यांच्या माळा आणि डिमर यांच्या शेजारी उभे राहून वाजवणाऱ्याला सिंगल कॉइलची (एकाच कॉइलच्या पिकअपची) घरघर फार जाणवते. त्याने हंबकरचा (घरघर मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपचा) पूर्ण आवाज आणि घरघर मारणाऱ्या पिकअपच्या जोड्या आधी मिळतील अशी आखणी करावी. दहा-बारा आवाजांचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे: गाणे चालू असताना हाताला न सापडणारा आवाज असून नसल्यासारखाच असतो.

त्यानंतर पिकअपच्या तारा मोजाव्यात. हंबकरमधून एकच तार आणि तिच्याभोवती जाळी एवढेच बाहेर येत असेल, तर पिकअप न उघडता त्याची एक कॉइल बंद करता येत नाही, मग स्विच कितीही भारी घ्या. चार तारा आणि वेगळी अर्थिंगची तार असेल, तर रंगांचा अर्थ त्या कंपनीच्या तक्त्यावरूनच लावावा. सेमूर डंकनमध्ये काळी तार गरम (सिग्नल नेणारी) आणि लाल-पांढरी एकत्र जोडायची असते, तर डिमार्झिओमध्ये लाल तार गरम आणि काळी-पांढरी एकत्र. तक्ता नसेल तर मल्टिमीटरने दोन कॉइलच्या जोड्या शोधून लिहून ठेवाव्यात.

आता स्विचकडे वळावे. साध्या पाच जागांच्या ब्लेड स्विचला (खाचेतून दांडी सरकणाऱ्या स्विचला) दोन पोल, म्हणजे एकाच दांडीवर चालणारे दोन स्वतंत्र स्विच असतात आणि स्ट्रॅटोकास्टरच्या मूळ जोडणीत दुसरा पोल टोनच्या पॉटकडे (फिरवायच्या बटणाकडे) गेलेला असतो. ब्रिजचा (तारा टेकतात त्या टोकाकडचा) हंबकर दुसऱ्या जागेवर आपोआप सिंगल, म्हणजे एकाच कॉइलचा व्हावा एवढीच इच्छा असेल, तर सर्व पिकअपना मिळून एकच टोन ठेवावा. मोकळा झालेला पोल त्या कामाला पुरतो आणि महाग स्विच घ्यावा लागत नाही. प्रत्येक जागेवर पूर्णपणे वेगळी जोडणी हवी असेल तरच चार पोलांचा सुपर स्विच घ्यावा. त्याला चोवीस टोके असतात, आणि डाग देताना (सोल्डर करताना) हात स्थिर नसेल तर शेजारची टोके सहज चिकटतात. पिकगार्डला (गिटारच्या पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीला) नवे छिद्र पाडायचे नसेल तर पुश-पुल पॉट, म्हणजे ओढून-दाबून स्विचचे काम करणारा पॉट उत्तम. हंबकरचे सीरिज (दोन कॉइल एकामागे एक), सिंगल आणि पॅरलल (दोन कॉइल समांतर) असे तिन्ही आवाज एका मिनी टॉगलवर (छोट्या खटक्याच्या स्विचवर) हवे असतील तर तो दोन पोलांचा ऑन-ऑन-ऑन जातीचाच, म्हणजे तिन्ही जागांवर जोडणी करणारा लागतो. ऑन-ऑफ-ऑन बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो, म्हणून दुकानातच मधल्या जागेवर मल्टिमीटर लावून पाहावे. रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे जाड वीजप्रवाहाचे टॉगल टाळावेत, कारण पिकअपचा क्षीण सिग्नल त्यांच्या काळवंडलेल्या संपर्कातून नीट जात नाही. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात हा दोष लवकर दिसतो.

मापे व्हर्नियरने घ्यावीत. स्ट्रॅट जातीच्या गिटारचे लाकूड साधारण ४४-४५ मिमी जाड असते, पण खोबण त्याहून उथळ, आणि स्वस्त गिटारींत आणखी उथळ असते. सुपर स्विच आणि पुश-पुल पॉट तिथेच अडतात. लेस पॉल जातीच्या जाड गिटारसाठीचा उंच टॉगल पातळ गिटारमध्ये मावत नाही, तिथे आखूड किंवा आडवा घ्यावा. मोठ्या टॉगलला सुमारे १२.५ मिमी आणि मिनी टॉगलला सुमारे ६.५ मिमी छिद्र लागते. ब्लेड स्विचचे स्क्रू अमेरिकी आट्यांचे की मिलिमीटरचे, आणि टोपी त्या दांडीवर बसते का, हेही विचारून घ्यावे. पिकगार्डची नवी पट्टी कापून हवी असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात जुनी पट्टी नमुना म्हणून द्यावी. नुसत्या आकड्यांवर काम सोपवू नये.

स्विच हाती आल्यावर डाग देण्याआधी प्रत्येक जागेवर कोणते टोक कोणाशी जुळते ते तपासावे, कारण डबी-आकाराच्या स्विचमध्ये सर्व टोके एकाच ओळीत असतात आणि कॉमन टोकाची जागा कंपनीगणिक बदलते. वाजवायच्या तारा चढवण्यापूर्वी गिटार अँपला जोडून प्रत्येक जागेवर पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवावा, म्हणजे कोणता पिकअप चालू आहे ते ठक् आवाजावरून कळते. वाजवायच्या तारा चढवल्यावर दोन पिकअप एकत्र वाजतात त्या जागेवर आवाज पोकळ आणि नाकातून आल्यासारखा वाटला, तर एकाची फेज उलटी आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना मारतात असे समजून त्या पिकअपच्या जोडणीच्या दोन तारांची अदलाबदल करावी; मात्र त्याचे धातूचे झाकण त्यांपैकी एका तारेला जोडलेले असेल, तर आधी झाकणाला अर्थिंगची स्वतंत्र तार द्यावी.